एकच साउंड कार्ड, घरी रेकॉर्डिंग आणि सोसायटीत डीजे: जमतं का?

दांडियाबाजारवाला
माझं मत आधीच सांगतो, मग हाणा. घरी लॅपटॉपवर गरब्याचे ट्रॅक बनवायचे आणि नवरात्रात सोसायटीच्या चौकात तेच वाजवायचे, असा दुहेरी संसार असेल तर दोन आउटपुटचं साउंड कार्ड (लॅपटॉपला जोडायचा, आवाज आत-बाहेर करणारा डबा) घेऊच नये. चार हवेत. दोन ॲम्प्लिफायरकडे, दोन माझ्या कानात. पुढचं गाणं आधी एकट्यानं ऐकायचं, ठेका जुळवायचा आणि मगच लोकांपुढे सोडायचं, हे त्याशिवाय होत नाही. गेल्या अष्टमीला मी दोनवाल्यावर वाजवलं. स्पीकरमध्ये जे जातं तेच हेडफोनमध्ये येतं. रात्रभर पडद्यावरच्या रेघा बघून अंदाजानं गाणी जुळवली. दोनदा ठेका असा घसरला की फेरातल्या मावश्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

(बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर गायक-वादकच असतात, ठाऊक आहे. मी सोसायटीतल्या गरब्याबद्दल बोलतोय.)

बजेट १५,०००.

मांजलपूरचा माइकवाला
नाही पटलं. एवढ्या पैशांत चार आउटपुटच्या मागे लागलास की माइकच्या इनपुटमध्ये तडजोड येते, आणि रेकॉर्डिंगला जीव तिथेच असतो. साधं दोन इनपुट, दोन आउटपुटचं घे. कंडेन्सर माइकसाठी (बारीक आवाज पकडतो, पण त्याला वीज लागते) वायरीतूनच ४८ व्होल्ट देणारा फँटम पॉवर हवा, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीचा स्वतःचा हवा. फोकसराइटचं स्कारलेट टू-आय-टू कार्ड घेतलंस तरी घरचं काम निघतं. डीजेसाठी पुढे कंट्रोलर (डीजे सॉफ्टवेअर चालवायचा बटणांचा, चाकांचा डबा) घे. पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स४ सारख्यात साउंड कार्ड आतच असतं, मास्टर (लोकांकडे जाणारा आवाज) वेगळा, हेडफोन वेगळा. आणि सेराटो या डीजे सॉफ्टवेअरवर वाजवायचं मनात असेल तर ऐक: सेराटो वाटेल त्या कार्डावर चालत नाही, त्याच्या यादीतलं हार्डवेअर लागतं. ट्रॅक्टर, व्हर्च्युअल डीजे, मिक्स (Mixxx) या सॉफ्टवेअरांना तशी अट नाही.

दांडियाबाजारवाला
म्हणजे दोन डबे, दोन खरेद्या, दोन वेळा आईची बोलणी. "आधीचा वाजतो ना अजून?" याला उत्तर काय देऊ?

मांजलपूरचा माइकवाला
रेकॉर्डिंग आणि डीजे तू एकाच वेळी करणार आहेस का? नाही. मग दोन डबे एकमेकांच्या आड येत नाहीत. कामंही उलटी आहेत. आवाज रेकॉर्ड करताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी जमवून घेतो तेवढा आवाज) १२८ सॅम्पलवर आणावा लागतो, सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (४४,१०० हर्ट्झ) धरले तर ते जेमतेम ३ मिलिसेकंद. ५१२ वर ठेवलंस तर एका बाजूचेच साडेअकरा होतात. आत जाताना एकदा, बाहेर येताना पुन्हा, वर ड्रायव्हरचा वाटा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की सूर डगमगतो. डीजेला, स्क्रॅचिंग करत नसशील तर, ५१२ नं काही बिघडत नाही. तिथे आवाज तुटला नाही की झालं.

फुकटचा पंडित
दोघंही पैसे उडवायला निघालात. एक्सपोर्ट केलेली फाइल कॉम्प्युटरच्या आत तयार होते. तिचा दर्जा कार्डावर तसूभरही ठरत नाही. सगळं सॅम्पल (आवाजाचे तयार तुकडे) आणि सॉफ्टवेअरच्या वाद्यांवर असेल, तर विंडोजवर एएसआयओफोरऑल (लॅपटॉपच्याच कार्डाचा उशीर कमी करणारा फुकटचा ड्रायव्हर) टाक आणि मोकळा हो. डीजेसाठी मिक्समध्ये मास्टर एका कार्डावर आणि हेडफोन दुसऱ्यावर असं निवडता येतं. लॅपटॉपचा जॅक कानाला, एखादं स्वस्त यूएसबी कार्ड स्पीकरला. नाहीतर स्प्लिटर वायर: डावा चॅनल लोकांना, उजवा तुला. मोनो होईल. होऊ दे! चौकातल्या खांबांवर टांगलेल्या स्पीकरांतून स्टीरिओ कोणाला कळतो?

दांडियाबाजारवाला
मोनोचं मान्य. पण दोन वेगळी कार्डं करून बघितलीत का? दोघांचा उशीर सारखा नसतो. कानात ठेका जुळलेला असतो आणि बाहेर ढोल किंचित मागे. हींच या गरब्याच्या ठेक्यात तेवढंही खटकतं. शिवाय माझ्या ट्रॅकमध्ये आई गाते. लॅपटॉपच्या माइकवर तिचा आवाज कमी, पंखाच जास्त येतो.

फुकटचा पंडित
पंखा बंद कर. तोही फुकट उपाय आहे.

रावपुऱ्याचे काका
मुलांनो, लाऊडस्पीकर लावण्यात माझी तीस वर्षं गेली. कार्ड तुम्ही कुठलंही घ्या, पहिली आरती व्हायच्या आत "घूं" सुरू होणार. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, अर्थिंगमध्ये फरक, की झाला ग्राउंड लूप. चार्जर काढून बघा. घूं थांबली तर चोर तिथेच आहे. अर्थिंगची पिन मात्र कोणी कापू नका, जिवावर बेतेल. आवाजाच्या वायरीत डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं ठेवून फक्त आवाज पुढे देणारी डबी) मध्ये घाला.

आणि आउटपुट किती हे मोजत बसण्याआधी ते कसलं आहे ते बघा. आरसीएची (टीव्हीमागे असते तशी लाल-पांढऱ्या पिनांची) वायर दोन हातांपुरती ठीक. तुमच्या चौकात टेबलापासून ॲम्प्लिफायर पंधरा मीटरवर असतो, ती वायर वाटेत सगळा कचरा गोळा करते. बॅलन्स्ड आउटपुट (वाटेतला कचरा पलीकडे गाळला जातो असं) हवं, पाव इंची टीआरएस पिनचं, आणि समोरचं इनपुटही बॅलन्स्ड. दोन आउटपुटवाल्या स्टुडिओ कार्डातही ते बहुधा असतं. डीजेच्या स्वस्त कंट्रोलरांत नुसतं आरसीए.

मांजलपूरचा माइकवाला
काका, हा मुद्दा माझ्याच कंट्रोलरच्या विरोधात गेला.

रावपुऱ्याचे काका
गेला तर गेला. कंट्रोलरशेजारी डीआय ठेवलास की भागतं.

दांडियाबाजारवाला
मी चारवरून हटत नाही, पण आता चारही बॅलन्स्ड असतील तरच घेईन. नवं १५,००० त बसलं नाही तर जुनं बघेन, त्याचे ड्रायव्हर माझ्या विंडोजला चालतात का हे कंपनीच्या साइटवर तपासून. काका, तुमची ती ट्रान्सफॉर्मरची डबी रविवारी बघायला येऊ का?

रावपुऱ्याचे काका
ये. लॅपटॉप आण, चार्जर विसरू नकोस. येताना शेव-उसळ घेऊन ये, तरी वेगळी बांधून.

फुकटचा पंडित
किती जणांची?