अनुभव धागा: कोणत्या लिखाणानं तुमचं राजकारण घडवलं?

निवडणुका आल्या की पक्षांवर भरपूर बोलून होतं. इथे जरा वेगळं लिहू या. एखादं भाषण, निबंध, पत्र वाचलं आणि मताकडे, समतेकडे बघायची नजर बदलली, असं तुमच्या बाबतीत काय घडलं? पुण्यातला अनुभव असेल तर जागेसकट सांगा.

हमालाची मुलगी, बिबवेवाडी
वडील मार्केट यार्डात हमाल. घरात पुस्तकं नव्हती, हमाल पंचायतीची पत्रकं असायची. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायचे. १९६९ चा माथाडी कायदा मला कॉलेजआधीच ठाऊक झाला तो असा. हमालालाही भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मंडळामार्फत मजुरी! पोतं पन्नास किलोपेक्षा जड नको, ही मागणी आली की वडील शर्ट वर करून पाठ दाखवायचे. पोतं टेकतं तिथली कातडी तळपायासारखी जाड झाली होती. पुढे मराठीत एम. ए. केलं, कष्टकऱ्यांवरच्या चांगल्या कविता शिकले. तरी त्या पाठीबद्दलचं सगळ्यात नेमकं मराठी मला पत्रकांतच सापडलं. आजही मत मागायला कोणी दारात आलं की मी आधी माथाडी मंडळाचं काय करणार, ते विचारते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सदाशिव पेठ
खोली शोधताना एका घरमालकांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग ‘म्हणजे कोण तुम्ही?’ खोली मिळाली नाही. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण तोवर मार्कांसाठी पाठ केलं होतं. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा त्यातला इशारा त्या रात्री अभ्यासिकेत पुन्हा वाचला आणि पुढचं पान उलटवेना. सध्या दुसरीकडे कॉट बेसिसवर राहतो.

शिक्षिका, नदीकाठची एक वस्ती
मुक्ता साळवेंचा १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापलेला निबंध मी आठवीला वाचून दाखवते. फुले दांपत्याच्या शाळेतली मुलगी, वय साधारण माझ्या वर्गातल्या मुलींएवढंच. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता ते देवानंच कळवावं, असं ती लिहिते. एका मुलीनं विचारलं, ‘बाई, तिला कोणी रागावलं नाही?’ मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘शाळा तिचीच होती ना!’
मग सगळ्यांना आपापलं म्हणणं लिहून आणायला सांगितलं. टँकरची वेळ, दारूचा गुत्ता, रात्री कुलूप लागणारं सार्वजनिक शौचालय. शुद्धलेखनाला हात न लावता ते कागद तसेच अर्जाला जोडले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते, तेव्हाची ही गोष्ट. ‘आपला नगरसेवक कोण?’ या मुलांच्या प्रश्नाला माझ्याकडे नाव नव्हतं. शौचालयाचं कुलूप मात्र निघालं.

वाचनगट, धनकवडी
मराठी ग्रंथकार सभेला फुल्यांनी १८८५ मध्ये लिहिलेलं पत्र. माणसामाणसाचे हक्क जे मनापासून मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचं जुळायचं नाही, असं सांगून त्यांनी निमंत्रण नाकारलं. आम्ही त्यावर तावातावानं बोललो आणि कोणीतरी विचारलं, आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशी या गटात का नाहीत? तेव्हापासून रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात जमतो. वेळ मावशींची कामं आटोपल्यावरची, दुपारी तीनची. पुढच्या वेळी मुक्ता साळवेंचा निबंध घेऊ. वर लिहिलेल्या बाईंनी मुलांना घेऊन जरूर यावं.