यादीच्या आतल्या यादीची बेरीज: पट्ट्यांच्या क्वेरीत वजन शून्य का येते?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाची हिशोबाची प्रणाली मी सांभाळतो. माहिती मॉन्गोडीबी या डेटाबेसमध्ये आहे आणि प्रत्येक हिशोबपट्टीचे एक स्वतंत्र डॉक्युमेंट (नोंद) आहे. त्यात शेतकऱ्याचा खातेक्रमांक, पूर्ण पट्टीची हमाली आणि ‘ढीग’ नावाची यादी असते. प्रत्येक ढिगाला सोयाबीनची प्रत व क्विंटलचा भाव असतो, आणि त्याच्या आत ‘कट्टे’ ही दुसरी यादी असते, जिच्यात एकेका कट्ट्याचे वजन किलोमध्ये नोंदवलेले असते. मला शेतकरीनिहाय एकूण वजन, एकूण हमाली आणि सरासरी भाव काढायचा आहे.

क्वेरीच्या ग्रुप (नोंदींचे गट करणाऱ्या) टप्प्यात ‘ढीग.कट्टे’ या मार्गावर सम (बेरजेचे फंक्शन) लावल्यास उत्तर शून्य येते, तेच प्रोजेक्ट (प्रत्येक नोंदीतील फील्डे ठरवणाऱ्या) टप्प्यातही होते, आणि त्रुटीचा संदेश मात्र कोठेच दिसत नाही. दोन्ही याद्या अनवाइंड केल्या, म्हणजे यादीतील प्रत्येक घटकाची वेगळी नोंद होईल अशा उलगडल्या, की वजन बरोबर येते, परंतु हमाली अनेक पटींनी फुगते आणि ज्या पट्टीतील माल अजून काट्यावर चढलेला नाही, ती पट्टी निकालातून नाहीशी होते. योग्य मार्ग कोणता?

उत्तर १ (नांदेड)

शून्य येण्याची कारणे दोन्ही टप्प्यांत वेगळी आहेत. ग्रुपमध्ये सम प्रत्येक डॉक्युमेंटकडून एक संख्या मागतो; तेथे यादी मिळाली, तर ती ‘संख्या नसलेली किंमत’ समजून सोडून दिली जाते. प्रोजेक्टमध्ये सम यादीच्या आत उतरतो खरा, पण एकच पातळी. ‘ढीग.कट्टे’ या मार्गाने याद्यांची यादी हाती येते, म्हणजे एक पातळी उतरल्यावरही समोर पुन्हा यादीच असते, आणि तीही तशीच वगळली जाते.

त्यामुळे बेरीज आतून बाहेर करावी. प्रोजेक्ट किंवा ॲडफील्ड्स (नवी फील्डे जोडणाऱ्या) टप्प्यात ‘ढीग’ यादीवर मॅप (यादीच्या प्रत्येक घटकावर तीच क्रिया करणारे फंक्शन) चालवून प्रत्येक ढिगासाठी त्याच्या कट्ट्यांचा सम घ्यावा, म्हणजे ढीगनिहाय वजनांची साधी यादी तयार होते. त्या यादीवर बाहेरून आणखी एक सम लावला की पट्टीचे वजन एका संख्येत मिळते. ही संख्या ग्रुपला दिल्यावर तो शेतकरीनिहाय बेरीज अचूक करतो. यात अनवाइंड कोठेच नाही, म्हणून रिकामी ‘ढीग’ यादी असलेली पट्टीही शून्य वजनासह निकालात राहते. अनवाइंड वापरायचाच असेल, तर रिकाम्या याद्या टिकवून ठेवण्याचा पर्याय दोन्ही पातळ्यांवर स्पष्टपणे चालू करावा लागतो.

उत्तर २ (परभणी)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. हमाली आणि सरासरी यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण पैशाची चूक तेथेच होते.

एका पट्टीत ३ ढीग मिळून ४० कट्टे आहेत आणि पट्टीवर ४८० रुपये हमाली आहे, असे धरू. दोन्ही याद्या उलगडल्यावर एका डॉक्युमेंटची ४० डॉक्युमेंटे होतात आणि प्रत्येकात ४८० ची नक्कल जाते, म्हणून बेरीज १९,२०० रुपये दिसते. सारख्या रकमा एकदाच धरून सम घेऊन हे झाकू नये, कारण दोन पट्ट्यांची हमाली योगायोगाने सारखी असली की त्यातली एक गळून पडेल. जी रक्कम ज्या पातळीची आहे, तिची बेरीज त्याच पातळीवर व्हावी.

सरासरी भावासाठी ढिगांच्या भावांवर सरासरीचे फंक्शन लावणे चुकीचे ठरेल. १० क्विंटल ४,५०० रुपयांनी आणि २ क्विंटल ४,२०० रुपयांनी विकले, तर भावांची सरळ सरासरी ४,३५० येते. प्रत्यक्षात १२ क्विंटलांचे ५३,४०० रुपये झाले, म्हणजे खरा सरासरी भाव ४,४५० आहे. त्यासाठी त्याच मॅपमध्ये ढिगाचे वजन गुणिले भाव भागिले १०० अशी रक्कम काढावी, रक्कम व वजन या दोहोंची शेतकरीनिहाय बेरीज करावी आणि भागाकार ग्रुपच्या नंतरच्या टप्प्यात करावा; वजन शून्य असेल तेथे भागाकार टाळण्याची अट मात्र घालावी. प्रतनिहाय अहवाल हवा असेल, तर फक्त ‘ढीग’ ही बाहेरची यादी उलगडावी.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)

हीच रचना पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जेसनबी स्तंभात (जेसन स्वरूपातील माहिती साठवणाऱ्या स्तंभात) ठेवणाऱ्यांसाठी लिहितो. पट्टीच्या ओळीला लॅटरल जॉइनने (प्रत्येक ओळीसाठी उपक्वेरी चालवणाऱ्या जोडणीने) एक उपक्वेरी जोडावी, तिच्यात दोन्ही याद्या घटकांत उलगडाव्यात आणि बेरीजही तिच्याच आत संपवावी. ग्रुप बाय नसलेली एकत्रीकरणाची क्वेरी नेहमी एकच ओळ देते, त्यामुळे पट्टी दुणावतही नाही आणि गळतही नाही. रिकाम्या यादीची बेरीज तेथे शून्य नसून नल (काहीच मूल्य नसणे) येते. वजनासाठी कोअलेस्कने (नलच्या जागी दुसरे मूल्य देणाऱ्या फंक्शनने) शून्य करावे, सरासरी भाव मात्र नलच राहू द्यावा, कारण शून्य भाव हा वेगळाच अर्थ सांगतो. शिवाय ‘ढीग’च्या जागी जेसनमधील नल असेल, तर घटक उलगडणारे फंक्शन त्रुटी देते, स्तंभच नल असेल, तर ते शांतपणे शून्य ओळी देते.

प्रश्नकर्ता (लातूर)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मॅपच्या आत सम घेतल्यावर हमाली जुळली आणि रिकाम्या पट्ट्याही दिसू लागल्या. काही पट्ट्यांचे वजन मात्र छापील पट्टीपेक्षा कमी भरते आहे.

उत्तर १ (नांदेड)

त्या पट्ट्यांतील काही वजने मजकूर म्हणून साठवलेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण सम मजकुरालाही न बोलता वगळतो. ‘ढीग.कट्टे’ या मार्गावर टाइपची अट ‘स्ट्रिंग’ अशी लावून शोध घ्यावा. शोधाची अट आतल्या यादीच्या घटकांपर्यंत पोहोचते. सापडलेली वजने कन्व्हर्ट या रूपांतराच्या फंक्शनने संख्येत बदलताना अपयशी रूपांतरासाठी नल ठरवून द्यावे आणि तशी नोंद वेगळी काढून हाताने तपासावी, कारण ‘४९.८’ असे देवनागरी अंकांत टंकलेले वजन कन्व्हर्टला संख्या म्हणून ओळखता येत नाही.