पैसे कुठे द्यायचे ते पोरांनाच ठरवू द्या
मदतनिधीसाठी शाळेने पोरांना डबा घेऊन दारोदार पाठवू नये, पालकांनीच ऑनलाइन पैसे भरावेत असं काहीजण म्हणतात. त्यातलं दारोदार न पाठवण्याचं एकदम पटलं, कोणी किती आणले यावरून वर्गात तुलना होते ती तर फारच वाईट. पण म्हणून पालकांनीच परस्पर ऑनलाइन पैसे भरून मोकळं व्हावं हे नाही पटत. २० नोव्हेंबरला बालहक्कांच्या घोषणा देतो आपण, आणि त्याच तारखेला १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या बालहक्क कराराच्या (भारताने १९९२ मध्ये स्वीकारला) कलम १२ मध्येच मुलांचं मत विचारात घ्या असं म्हटलंय.

आमच्या गावच्या शाळेत बाल आनंद मेळाव्यात भेळ, लिंबू सरबत, घरची भाजी विकून जमलेले पैसे कुठे द्यायचे यावर तिसरी-चौथीच्या पोरांनी चिठ्ठ्या टाकून मतदान केलं, हिशोबही फळ्यावर त्यांनीच मांडला, सगळा गल्ला एकत्र असल्यामुळे कोणाच्या घरून किती आले हा प्रश्नच आला नाही.