फोटो नको, काय झालं ते सांगा

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एक दृश्य ओळखीचं असेल. पंधरा-वीस जण, नवेकोरे हातमोजे, पुढं बॅनर, आणि बॅनरच्या फ्लेक्सपेक्षा कमी कचरा. मीही त्यात उभा राहिलोय, त्यामुळं हसायचा पहिला हक्क माझा. म्हणून गावासाठी, आसपाससाठी काही करणाऱ्या पोरापोरींकडून अनुभव मागताना अट एकच घातली : संस्था कुठली, पाहुणे कोण हे नको. स्वतः काय केलं, काय फसलं आणि अजून करताय का, तेवढं लिहा. वय तिशीच्या आत असावं असंही म्हटलं होतं, पण एका आजींनी ते मोडलंय. त्यांना कोण अडवणार?

सुरुवात माझ्यापासून.

शाहूपुरी, वय २८

आमच्या घरचा गणपती प्लास्टरचाच. शाडूचा आणू म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं, "शाडूला फिनिशिंग नसतंय रे." तीन वर्षं भांडलो. मग मूर्तीचा नाद सोडला आणि विसर्जनाच्या मागं लागलो. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, चिखलासारखं तळाला बसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं त्यावर घरगुती उपाय काढलाय. मूर्ती बुडेल एवढं पाणी घ्यायचं आणि त्यात साधारण मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट टाकायचं. बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात ते. खायचा सोडा वेगळा. पहिल्या वर्षी मी तोच चार पुडे ओतला आणि बाप्पा चार दिवस बादलीत जसेच्या तसे बसून. आई येताजाता बघायची, बोलायची नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी बरोबर पावडर आणली. वास असा की नाक झोंबतं, बादली गच्चीतच ठेवावी लागते. दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं असतं, पण देवाला काठीनं ढवळणं बाबांना पटेना. शेवटी त्यांनी स्वतः हातमोजे घातले (तेच, रंकाळ्यावरचे) आणि हातानं ढवळलं. तिसऱ्या दिवशी तळाला पांढरा गाळ आणि वर खताचं पाणी. रंग कसला असेल सांगता येत नाही, म्हणून ते भाजीला घालत नाही. भरपूर पाणी मिसळून जास्वंदीला घालतो. यंदा आईनं बादलीलाच हळदकुंकू लावलं. मूर्ती अजून प्लास्टरचीच येते.

चिखलीकडचा, वय २२

२०१९ च्या पुरात मी अकरावीला होतो. दोन दिवस गच्चीवर काढले. पाण्याची भीती वाटायचीच, पण मोबाईलवर येणाऱ्या मेसेजांची जास्त वाटायची. 'राधानगरी फुटलं' हे मी त्या आठवड्यात किती वेळा वाचलं देव जाणे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. दार उघडलं म्हणजे धरण फुटलं नव्हे. हे गावात निम्म्यांना माहीत होतं, पण रात्री दोनला मेसेज आल्यावर कोण आठवतंय.

आता पावसाळ्यात मी एकच काम करतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ बघायची आणि वेळ घालून गावच्या ग्रुपवर टाकायची. ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेलं होतं. वेळ नसलेला आकडा कुणी टाकला तर विचारायचं, कधीचा? यावरून चुलत्याशी माझी बोलाचाली बंद होती महिनाभर, कारण त्यानं आदल्या वर्षीचा व्हिडिओ टाकला होता आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, ही मागची म्हैस हाय."

दुसरं, एक वही केलीय. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कुणाची किती जनावरं. २०१९ ला लोक घर सोडत नव्हते ते म्हशींपायी. म्हशी कुठं बांधायच्या ते आधी ठरलं की माणूस निघतो. वही दर जूनमध्ये नवी करावी लागते. तेवढ्यात म्हशी विकल्या जातात, माणसंही जातात.

राजारामपुरी, वय १९

मी भाजीला पिशवी नेते. एवढंच. लिहू का नको विचार करत होते.

शिरोळ तालुका, वय २३

हेरवाड आमच्यापासून लांब नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. शासनानं त्याच महिन्यात बाकीच्या गावांनीही हे करावं असं परिपत्रक काढलं. आमच्या गावातही टाळ्या झाल्या. पण ठराव मे महिन्यात होतो आणि माणूस कधीही जातं.

गेल्या वर्षी काका गेले. दहाव्याच्या आदल्या रात्री बायकांत कुजबुज सुरू झाली. मी ठरवलं होतं भाषण करायचं नाही. नुसती काकीच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा हात धरला. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या. मैत्रीण पण आली. तिला फोन केला तर कोल्हापुरी पोरींसारखी म्हणाली, "थांब, मी पण येतो." ती दुसऱ्या बाजूला बसली. पाहुण्यांतली एक आत्या म्हणाली, "पोरींनी किती वेळ धरून बसायचं? रीत हाय ती." मला उत्तर सुचेना. पाठ केलेलं परिपत्रक त्या खोलीत काही कामाचं नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून आजी बोलली. चाळीस वर्षांपूर्वीची विधवा, असल्या गोष्टींत कधी तोंड न उघडणारी. "माझ्या फोडल्या तवा काच घुसली हुती हितं." आणि मनगट पुढं केलं. मग विषय झाला नाही.

महिन्याभरानं बघते तर काकीचे हात मोकळे. मला राग आला. म्हटलं, कुणी काय बोललं का? ती धार काढत होती. म्हणाली, "मी काढल्या. कुणी फोडल्या न्हाईत." बांगड्या फडताळात डब्यात आहेत. संक्रांतीला घातल्या होत्या.

पन्हाळ्याकडची वाडी, वय २०

जानेवारी सरला की डोंगरावर वणवे. आपोआप लागत नाहीत, लावतात. जाळलं की गवत चांगलं येतंय ही समजूत. पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते ते कुणी धरत नाही. आम्ही सात-आठ पोरं धूर दिसला की पळतो. पाणी वगैरे काही नसतं. ओल्या पाल्याची डहाळी तोडायची आणि आगीच्या कडेनं झोडपत जायचं, वाऱ्याकडं पाठ करून. समोरून कधी जायचं नाही. माझ्या भुवया एकदा गेल्यात, कॉलेजात आठवडाभर तोच विनोद.

विझवण्यापेक्षा आधी जाळरेषा काढणं सोपं, म्हणजे गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा. पण त्याला डिसेंबरातच जावं लागतं आणि धूर नसताना पोरं जमत नाहीत. गेल्या डिसेंबरात तिघंच होतो.

एक पेठ (नाव सांगत नाही, मार खाईन), वय २५

आमच्या मंडळात मी डॉल्बीविरुद्ध बोललो. हरलो. हलगी-घुमकं आणू म्हटलं, तर म्हणाले पोरं नाचत नाहीत. मग एवढंच मागितलं, मिरवणुकीच्या वाटेवर दवाखाना येतो, तिथं बंद करायचं. कायद्यानं दवाखान्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, पण कायदा काढला असता तर हेही मिळालं नसतं. मी म्हटलं, "अध्यक्षांची आई गेल्या साली तिथंच होती की." पहिल्या वर्षी बंद केलं, दुसऱ्या वर्षी ऑपरेटर विसरला. यंदा मी स्वतः त्याच्या शेजारी उभा होतो. चार मिनिटं शांतता. पोरांनी मला शिव्या दिल्या, ऐकू आल्या तेवढं बरं.

रंकाळा परिसर, वय ७१

नातवानं टाइप केलंय. मी देवाच्या हारातला दोरा काढते. फुलं कुंडीत कुजतात, दोरा कुजत नाही, आता तो नायलॉनचा येतो. निर्माल्य म्हणून दोऱ्यासकट टाकलं तर खताचा घोटाळा होतो. दोऱ्याचं भेंडोळं करून हारवालीला परत देते. आधी ती हसली. आता ती त्याच्यात कडीपत्त्याच्या जुड्या बांधते.

कळंबा रोड, वय १९

मागच्या जुलैत अकरा झाडं लावली, करंज आणि जांभूळ. आज तीन आहेत. दोन शेळीनं खाल्ली, तीन पाइपच्या खोदाईत गेली, तीन मे महिन्यात वाळली, कारण आम्ही सगळे सुट्टीला गावी. यंदा पाचच लावली आणि एकेक दार वाटून दिलं, ज्याच्या दारात त्यानं पाणी घालायचं. तिसऱ्या दारातल्या काकू पाणी न चुकता घालतात, पण आधाराच्या काठीवर फडकी वाळत टाकतात. काठी पार वाकलीय. रविवारी नवी ठोकायची आहे.