थरारपटाची पटकथा: घटस्फोटित आईबाप, पंधरा वर्षांची मुलगी, आणि भांडण सुरू झालं की गोष्ट थांबतेय

गंगावेशकर

कोल्हापुरात घडणाऱ्या थरारपटाची पटकथा आहे, साधारण १०० पानं. आईबापांचा पाच वर्षांपूर्वी सहमतीनं घटस्फोट झालाय. मुलगी १५ वर्षांची, दहावीत, ताबा आईकडं, घर राजारामपुरीत. बाप माजी सैनिक, आता गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा मुलगी बापाकडं. अशाच एका शनिवारी रात्री ती गच्चीवरून मोबाईलवर शूट करते: गोवा बनावटीच्या दारूचे बॉक्स एका टेम्पोतून दुसऱ्यात चाललेत, आणि त्या माणसांत एक खाकीतला. टेम्पोवाले तिला बघतात.

पान ३५ पासून घोळ. बाप म्हणतो, पोरीला घेऊन गगनबावड्याला मित्राच्या घरी जातो. आई म्हणते, पोलिसांत जायचं. यावर तीन प्रसंग, ११ पानं भांडण. वाचणारे म्हणतात, हे रात्री आठच्या मालिकेत शोभेल. तीन प्रश्न: बाप कायद्यानं मुलीला नेऊ शकतो का, भांडणानं गोष्ट पुढं कशी जाईल, आणि मुलगी म्हणजे इकडून तिकडं न्यायची बॅग वाटतेय, तिचं काय करायचं?

कलमकसाई

आधी कागद. सहमतीचा घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ ब. ताबा आणि भेटीच्या अटी त्या हुकूमनाम्यातच असतात. कलम २६ प्रमाणे त्या नंतरही बदलून घेता येतात, पण अर्ज कोर्टात करायचा, बापाच्या किचनमध्ये ठरवून चालत नाही. "मी बाप आहे, मला कोण अडवणार" हा संवाद कापा. हुकूम असताना रविवारी सहा वाजून गेले की तो हुकूम मोडणारा माणूस झाला.

पण लगेच हातात बेड्याही घालू नका. ही चूक निम्म्या पटकथांत असते. भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अठराच्या आतल्या मुलाला नेण्याबद्दल आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाप हा स्वतः नैसर्गिक पालक आहे. कोर्टाचा हुकूमच नसेल तर बापावर हे कलम लावणं अवघड. तुमच्याकडं हुकूम आहे, त्यामुळं आईचा वकील कलम टाकायला बघेल, बापाचा वकील म्हणेल, भेट तर हुकमातलीच होती, उशीर झाला एवढंच. ठाणे अंमलदार दोघांकडं बघून "कोर्टात जावा" म्हणेल. खरं नाट्य त्या "कोर्टात जावा" मध्ये आहे, कारण तो रविवार आहे.

आईला घाईचा मार्ग म्हणजे हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरण, म्हणजे हेबियस कॉर्पस. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, सीपीआर रुग्णालयासमोर. कथानक त्याआधीचं असेल तर आईला रात्रीच्या गाडीत बसवा. नंतरचं असेल तर ती सकाळी रिक्षानं पोचते. पटकथेचे आठ तास इकडचे तिकडं होतात, तेव्हा साल आत्ताच ठरवा.

तिसरीघंटा

भांडण रटाळ होतं कारण दोघं स्वभावावर भांडतात. "तुला कधी काळजी होती?" या वाक्याचं उत्तर प्रेक्षकाला माहीत असतं. त्यांना वस्तूवर भांडायला लावा. २००८ च्या 'टेकन'मध्ये मुलगी सतरा वर्षांची आणि परदेशी जायला बापाची सही हवी. कागद टेबलावर असतो, म्हणून ते बोलणं पुढं सरकतं. आपल्याकडं असा सहीचा प्रसंग पासपोर्टच्या वेळी येतो, कारण अल्पवयीनाच्या अर्जाला सहसा दोन्ही पालकांची संमती मागतात. तुमच्या कथेत पासपोर्ट नाही, पण तसला कागद आहेच. तो हुकूमनामा.

नीट बघा, तुमचा सगळ्यात मोठा धोका तुम्हीच लिहून ठेवलाय. दुसरा-चौथा शनिवार, सकाळी दहा, ठरलेली जागा. टेम्पोवाल्यांना मोबाईल ट्रॅक वगैरे करायची गरज नाही. पोरगी कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या गाडीतून उतरणार हे दोन आठवडे पाळत ठेवली की कळतं. हे आईला आधी कळू दे, बापाला नको. माजी सैनिक सगळं ओळखतो आणि बाई फक्त रडते, हा या प्रकारातला सगळ्यात जुना रोग आहे. बापाला दार, खिडकी, गाडीचा नंबर दिसतो. आईला वेळापत्रक दिसतं, कारण पाच वर्षं क्लास, डबा, व्हॅन तीच सांभाळतेय. मग ती म्हणते, "या शनिवारी पाठवत नाही." आता हुकूम मोडणारी ती झाली! तीन प्रसंगांतला एक असा उलटा करा.

आणि पाऊस वापरा की राव. जुलै-ऑगस्ट ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. कोल्हापूरचा माणूस हा आकडा घड्याळासारखा बघतो. शनिवारी ३६, रविवारी सकाळी ३९, दुपारी गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी. बाप सहा वाजता परत यायला निघालाय आणि येऊ शकत नाही. हुकूम मोडायचा त्याचा विचारच नव्हता, पण आईला ते कसं कळणार? तिकडं रेंज नाही. ११ पानांचं भांडण दीड पानात होतं, कारण उरलेलं पाणीच बोलतं.

ठाणेडायरी

पोलीस बाजू. तीन-चार गोष्टी बऱ्याच सिनेमांत चुकतात.

मुलीला ठाण्यात बोलावून बाकड्यावर बसवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपास अंमलदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडू शकत नाही. ती राहते तिथं त्यानं जायचं. ती आपणहून आली तर चालतं. तेव्हा "पोरीला घेऊन लगेच ठाण्यात या" असा फोन आईला आला तर तिला संशय यायला हवा. खाकीतल्या माणसाची चाहूल इथंच देता येईल, वेगळा प्रसंग नको.

ठाण्यावर भरवसा नसेल तर आई काय करेल? कलम १७३: हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावी लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. गुन्हा गोकुळ शिरगावच्या हद्दीत असला तरी ती राजारामपुरीत देऊ शकते. नाही घेतली तर लेखी तक्रार थेट पोलीस अधीक्षकांना, तिथंही नाही तर दंडाधिकारी. दारूचा मामला आहे म्हणून राज्य उत्पादन शुल्कचं दारही आहे. ते खातंच वेगळं, त्यामुळं तो खाकीतला तिथं पोचेलच असं नाही. ही वाट आईला सुचली तर ती नुसती "पोलिसांत जाऊ" म्हणणारी बाई राहत नाही.

साक्षीदार संरक्षणाचा अर्ज केला की मागं स्टेनगनवाला उभा राहतो, असं नसतं. २०१८ च्या योजनेत अर्जावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात, त्याला पाच कामाचे दिवस. तातडीचं असेल तर अंतरिम संरक्षण देता येतं, पण ते मागायला लागतं. बापाचं "पाच दिवस थांबायचं काय?" हे वाक्य चुकीचं नाही.

बाप जर मुलीला घेऊन गायब झाला आणि आईनं हरवल्याची तक्रार दिली, तर "चोवीस तास वाट बघा" हा संवाद अजिबात नको. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मोबाईल. सिनेमातला बाप सिम मोडतो, फोन पंचगंगेत टाकतो. टाळ्या पडतात, पण पुरावा गेला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा, लिहायची असते. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, हॅश बदलते, कधी-कुठं काढला ही माहिती जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, तरी मूळ फोन हातात असणं केव्हाही बरं. म्हणजे बाप जे सुरक्षिततेसाठी करतो त्यानंच पोरगी साक्षीदार म्हणून कमकुवत होते, आणि टेम्पोवाले काही तिला सोडत नाहीत. भांडण इथं लावा:

"फोन कुठाय?"
"बंद केला."
"बंद केलास की पुसलास?"

गंगावेशकर

फोनचं डोक्यात नव्हतं, त्यानं मधला भागच बदलतोय. दोन शंका. गुंडांना टॉवर लोकेशन मिळतं असं दाखवलंय, चालेल? आणि शेवटी मुलगी आईची अॅक्टिव्हा काढून एकटीच एमआयडीसीत जाते.

ठाणेडायरी

टॉवर लोकेशन कंपनी पोलिसांनाच देते, तेही वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत मागितल्यावर. गुंडांकडं ते आलं तर मधे कुणीतरी खात्यातला पाहिजे. तुमच्याकडं आहे तो, पण त्याला मागं कागद ठेवावा लागेल, आणि तोच पुढं त्याला अडकवतो. बरं, टॉवरनं घर नंबर कळत नाही. शहरात काहीशे मीटरचा भाग, गगनबावड्याकडं काही किलोमीटर. "ती तिसऱ्या मजल्यावर आहे" हे टॉवर सांगत नाही. मुलीनं मैत्रिणीला ठेवलेलं लाइव्ह लोकेशन सांगतं.

कलमकसाई

अॅक्टिव्हा ठेवा, पण किंमत माहीत असू दे. पंधराव्या वर्षी लायसन नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ, २०१९ पासून: अल्पवयीनानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक जबाबदार, २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. गाडी आईच्या नावावर. आपल्याला न सांगता नेली, हे आईलाच सिद्ध करावं लागेल. बापाच्या वकिलाच्या हाती ताबा बदलून मागायला आयतं कोलीत. शेवट झाल्यावरही हा कागद जिवंत राहतो, दुसऱ्या भागाचा विचार असेल तर बघा.

तिसरीघंटा

मुलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ताब्याच्या अर्जात न्यायाधीश या वयाच्या मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्यानं विचारतात. पालक आणि पाल्य कायदा १८९० च्या कलम १७ मध्ये समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेण्याची सोय आहे. तिला हे माहीत असू दे. पाच वर्षं दोन घरांत राहिलेली पोर दोघांची भाषा शिकलेली असते: आईला काय सांगायचं नाही, बापाला काय सांगायचं नाही. व्हिडिओ तिनं दोघांनाही अर्धाच दाखवलेला ठेवा. बापाला टेम्पोचा भाग दाखवला, खाकीतल्याचा नाही, कारण तो लगेच मारामारीला उठेल. आईला खाकीतला दाखवला, पण तो बापाच्या गच्चीवरून दिसला हे लपवलं, कारण मग शनिवार बंद होतील. दोघं आपापल्या अर्ध्यावरून बरोबरच बोलतात आणि एकमेकांना वेडे वाटतात. आता ती बॅग राहत नाही, भांडणाची किल्ली तिच्याकडं गेली.

पुराच्या वेळी दोघांना एका खोलीत आणायचं टाळा, तुम्ही नक्की आणाल म्हणून आधीच सांगतो. बाप मांडुकलीच्या पलीकडं, आई राजारामपुरीत, मधे पाणी. रेंज दोन मिनिटं येते. त्या दोन मिनिटांत दोन्ही अर्धे व्हिडिओ जुळले पाहिजेत, आणि कॉल तुटायच्या आधी आईनं बापाला विचारायचा प्रश्न एकच: गगनबावड्याच्या मित्राचं घर अजून कुणाला माहीत आहे?