क्लेझ्मर स्विंगमध्ये मिसळले की विरले?

आडवाट: ज्यू वादकांनी क्लेझ्मरकडून, म्हणजे पूर्व युरोपी ज्यूंच्या पारंपरिक संगीताकडून, स्विंगसारख्या (नाचाच्या जॅझसारख्या) अमेरिकी लोकप्रिय संगीताची वाट धरली, तिला आपण कौतुकाने 'प्रवास' म्हणतो, माझ्या मते तो तोट्याचा सौदा होता. संगीतकार शोलोम सेकुंडा यांचे १९३२ मधील 'बाय मिर बिस्टु शेन' हे यिडिश (पूर्व युरोपी ज्यूंच्या भाषेतले) गाणे अवघ्या ३० डॉलरांत विकले गेले आणि १९३७ मध्ये अँड्र्यूज भगिनींनी ते इंग्रजीत गाऊन देशभर गाजवले, पण मूळ यिडिशपैकी मुखडा तेवढा उरला.

मंद्रसप्तक: आडवाट, तुम्ही दाखला यिडिश रंगभूमीवरच्या पदाचा दिलात; क्लेझ्मर हे मुख्यतः लग्नसमारंभातले वाद्यसंगीत. त्याचे काय झाले हे पाहायचे, तर स्विंग वादक झिगी एलमन यांचा ट्रम्पेट ऐकावा. त्यांनी १९३८ मध्ये 'फ्रेलाख इन स्विंग' या नावाने जी धून मुद्रित केली, ती 'डेर श्टिलर बुलगार' म्हणून जुन्या क्लेझ्मर तबकड्यांवर आधीच होती. गीतकार जॉनी मर्सर यांनी तिला शब्द दिले आणि १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या स्विंग वाद्यवृंदाने ती 'अँड द एंजल्स सिंग' म्हणून वाजवली. मार्था टिल्टन यांचे गाणे संपते, स्विंगची संथ चाल एकाएकी थांबते, ढोल लग्नातल्या नाचासारखा उसळतो, एलमन हुंदके देत सुरावट फिरवतात आणि काही क्षणांत सगळे पुन्हा स्विंगवर येतात. ही धून लपवलेली नाही, भर मांडवात आणून बसवली आहे.

आडवाट: बसवली खरी, पण तोंडी लावण्यापुरती! पूर्ण पान वाढणाऱ्यांचे काय झाले? क्लेझ्मरचे क्लॅरिनेटवादक डेव्ह टारास १९२१ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा त्यांनी आधी फरच्या कारखान्यात काम केले. १९२४ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटला आणि जुन्या धुनी मागणारे नवे कानही आटले. १९५५ मध्ये त्यांनी जावई सॅम मुसिकर यांच्यासह, जे जीन क्रुपा यांच्या स्विंग वाद्यवृंदात वाजवून आलेले, 'टान्झ' ही तबकडी केली. दोन्ही जगांचा इतका सुरेख मेळ घालूनही बाजाराने तिची दखल घेतली नाही.

पिंपळपान: दोघेही एक गोष्ट गृहीत धरता, की प्रत्येक ज्यू वादकाकडे सोडण्याजोगे क्लेझ्मर होते. गुडमन यांचा जन्म १९०९ मध्ये शिकागोत झाला. क्लॅरिनेटचे धडे त्यांना सिनेगॉगच्या बाल-वाद्यवृंदात आणि पुढे फ्रान्झ शेप यांच्या पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीत मिळाले. लोकप्रिय गाण्यांचे संगीतकार अर्व्हिंग बर्लिन व हॅरोल्ड आर्लेन यांचे वडील सिनेगॉगमधले प्रार्थनागायक होते, म्हणजे घरातला वारसा वेगळाच. (क्लेझ्मरमधली कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी उडी ऐकून आपल्याला भैरव आठवतो; तेवढ्यावरून प्रत्येक उदास सुरावटीला क्लेझ्मर म्हणू नये.)

मंद्रसप्तक: मान्य, पण एलमन यांच्याबाबत तो आक्षेप लागू होत नाही. आणि १९७० च्या दशकात तरुण वादक अँडी स्टॅटमन टारास यांच्याकडे क्लेझ्मर शिकायला गेलेच ना?

आडवाट: गेले, आणि तेव्हा टारास ऐंशीच्या घरात होते.