स्पीकर बदलू की राहू देत? डोकं चालेनासं झालंय

खर्जातला:
मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच प्रश्न घेऊन आलोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे टू-वे बुकशेल्फ (कपाटावर मावणारे लहान) स्पीकर आहेत, साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा), मागे पोर्ट म्हणजे हवेचं भोक, वय अंदाजे १८ वर्षं. अँप (अँप्लिफायर) ८ ओहमला ५० वॅटचा इंटिग्रेटेड, तो नंतर घेतलेला, ठणठणीत आहे. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती हो, पण गेल्या महिन्यात मित्राकडे त्याचे नवे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर ऐकले आणि तिथंच घोळ झाला. डग्ग्यावर हाताची टाच दाबून सूर वर सरकवतात ना, तो सरकताना अक्षरशः दिसला मला, आणि घरी येऊन तेच रेकॉर्डिंग लावलं तर नुसतं भुम्म. पुरुषाचा आवाज पण मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा. शिवाय डावीकडून कधीकधी कसलीशी फरफर येते, ती सगळ्या गाण्यांत नाही, ठरावीक सुरांनाच येते. मग आता सरळ टॉवर घ्यावेत का? की अँपच कमी पडतोय? रोज रात्री रिव्ह्यू वाचत बसतो आणि सकाळी आदल्या रात्रीचा निर्णय बदलतो, अशी अवस्था आहे.

भिंत_आणि_कोपरा:
आधी हे सांगा, स्पीकर कुठं ठेवलेत आणि तुम्ही कुठं बसता? खोली केवढी आहे? निम्मी उत्तरं तिथंच असतात, आणि लोक नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं लिहितात.

खर्जातला:
खोली ४ मीटर बाय ३ मीटर. स्पीकर पुस्तकांच्या कपाटावर, भिंतीला टेकून, एक तर पार कोपऱ्यात. सोफा समोरच्या भिंतीला चिकटून. (लिहिता लिहिताच कळतंय की शिव्या पडणार.)

भिंत_आणि_कोपरा:
शिव्या नाही, गणित घ्या. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला घुमणारा सूर येतो ३४३ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झच्या आसपास, आणि दुसरा त्याच्या दुप्पट, ८६ ला. ३ मीटरच्या बाजूने ५७ आणि ११४. आता पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग साधारण याच ८६-११४ च्या पट्ट्यात येतो, आणि हे सूर सगळ्यात जास्त फुगतात ते भिंतीपाशी, म्हणजे जिथं तुमचं डोकं आहे बरोब्बर तिथं. वरून स्पीकर भिंतीला टेकवलाय म्हणजे तिकडूनही खालचे सूर फुगणार, कोपऱ्यातला तर आणखीनच. तुमचं मडकं म्हणजे खोलीच आहे हो, त्यात निम्मा सूर स्पीकरचा आणि निम्मा भिंतींचा. खात्री करायची तर फोन अँपला जोडून ८६ हर्ट्झचा सलग टोन लावा, हळू आवाजात, आणि खोलीत नुसते चालत फिरा. एका जागी कान भरतील आणि दोन पावलांवर तोच टोन जवळजवळ गायब होईल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं अँप बंद पडला.

म्हणून एक रविवार घालवा. स्पीकर दोन स्टुलांवर घ्या, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा) कानाच्या उंचीला येईल असे, भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढं, दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं. सोफा पुढं ओढा, जमलं तर मागच्या भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांशावर. नाहीच जमलं तर पोर्टमध्ये मोज्याची गुंडाळी सैलसर कोंबून बघा, हसू नका, घुमणं कमी होतं. हे सगळं केल्यावरही मन भरलं नाही तरच दुकानाचं नाव काढा, कारण नवे टॉवर त्याच कोपऱ्यात ठेवलेत तर भुम्मच ऐकाल, फक्त जास्त खोलातून.

कॅसेटवाला:
वायर कुठली आहे? स्पीकरच्या वायरने फार फरक पडतो, आधी ती चांगली जाड घ्या.

ओहमकार:
आलं, वायर आलीच :) अहो दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर, ३ मीटर लांब, जाऊन-येऊन धरून तिचा रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास, स्पीकर ८ ओहमचा. एक टक्कासुद्धा नाही. तारा नीट घट्ट बसल्यात ना आणि दोन्हीकडे लाल-काळं सारखं जोडलंय ना एवढंच बघा, एका बाजूला उलटं झालं तर बास पातळ होतो आणि गायक मधोमध न येता डोक्याभोवती पसरतो.

मला खरी शंका त्या फरफरीची येतेय. १८ वर्षं म्हणालात, वूफरच्या कडेला फोम आहे की रबर? जाळी काढा आणि टॉर्च मारा. रबर असेल तर बहुतेक काही नाही. फोम असेल तर तो १०-१५ वर्षांत हवेनेच कुजतो, वापरा नाहीतर न वापरा. बोट अलगद लावा, चिकट लागला किंवा भुगा आला तर गेलाच तो. मग चार बोटं कोनावर, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर, सारखी पसरून (ट्वीटरला हात लावायचा नाही, त्याचा डोम आत गेला की गेला) कोन हळूच आत दाबा, खरखर जाणवली तर आतली कॉइल (तारेचं वेटोळं) घासतेय. आणि सगळ्यात आधी डाव्या-उजव्या तारा अँपकडे अदलाबदल करून बघा. फरफर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष अँपचा किंवा गाणं वाजवणाऱ्या मशीनचा, त्याच खोक्यातून येत राहिली तर खोक्याचा.

रिकामा_खोका:
सगळे मिळून ह्या माणसाला स्पीकर घेऊच देणार नाही असं दिसतंय, म्हणून मी उलटं बोलतो. खोली, मोजे, फोम सगळं मान्य. पण साडेसहा इंची वूफर हवा किती ढकलणार? स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज द्यायला कोनला चौपट पुढं-मागं व्हावं लागतं, तिथं प्लेसमेंट काय करणार. आणि आख्ख्या सिस्टीममध्ये सगळ्यात जास्त आवाज बिघडवतो तो स्पीकरच. अँपचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली बिघाड, टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यात मोजतात, स्पीकर बासमध्ये सहज काही टक्क्यांत जातो. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर अँपवर अजिबात नको, स्पीकरवरच.

फक्त दोन गोष्टी. सेन्सिटिव्हिटी बघा (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते), ८६ डीबीऐवजी ८९ चा घेतला तर तेवढ्याच आवाजाला अँपची निम्मी पॉवर पुरते, म्हणजे तुमचे ५० वॅट फुकटात १०० झाल्यासारखे. आणि इम्पीडन्स (स्पीकरचा अँपला होणारा विरोध, ओहममध्ये), बरेच टॉवर नावाला ६ ओहमचे असतात आणि मधेच ४ च्याही खाली उतरतात, तुमचा अँप त्याला तयार आहे का ते मागच्या पॅनलवर वाचा. ऐकायला जाल तर आपली गाणी न्या आणि दोन्हींचा आवाज मोजून सारखा करायला लावा, एखादा डीबी मोठा वाजणारा नेहमीच "जास्त खुला" वाटतो. मी स्वतः असाच फसलोय, घरी आणून आठव्या दिवशी कळलं की आधीचेच बरे होते.

भिंत_आणि_कोपरा:
सप्तकाचं बरोबर आहे. पण खोका लहान म्हणजे वाईट असं पण नाही ना, बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या व्हॅनसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर केला तो पाच इंची वूफरचा, सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डीबी, बास म्हणाल तर नाहीच, आणि माणसाच्या आवाजासाठी लोक अजून त्याच्या मागे आहेत. १२ चौरस मीटरच्या खोलीत टॉवर म्हणजे मला तरी भीतीच वाटते. खालचं सप्तक हवंच असेल तर पुढंमागं सब (फक्त खालच्या सुरांचा वेगळा सबवूफर) घ्यावा, ८० हर्ट्झला कापावा म्हणजे त्याखालचंच त्याला द्यावं, आणि त्याला खोलीत हवा तिथं सरकवता येतं, टॉवरमधल्या वूफरला येत नाही.

खर्जातला:
रविवार घातला एकदाचा. तारा बदलून पाहिल्या, फरफर डाव्या खोक्यातच राहिली. जाळी काढली तर कडेला फोमच आहे, वरून दिसायला धडधाकट, पण बोट लावलं आणि जळलेल्या कागदासारखा काळा भुगा नखात आला, खालच्या बाजूला बोटभर चीर. ओहमकार, तुम्हाला दंडवत. उजवा अजून फाटला नाहीये पण चिकट लागतोय.

मग तशाच फाटक्या अवस्थेत स्टुलांवर घेऊन सोफा ओढून ऐकलं, आणि मडकं बरंचसं गेलं! म्हणजे पूर्ण नाही, पण गायकाला तोंड आलं. डग्ग्याचा सूर सरकताना आता कळतो, मित्राकडच्याइतका नाही तरी कळतो. मोजा पण घातला होता, त्याने जरा कोरडं वाटलं म्हणून काढून टाकला. घरच्यांचं म्हणणं असं की खोलीच्या मधोमध सोफा म्हणजे रोज रात्री पाण्याला उठलं की गुडघा फुटणार, त्यामुळे ते अजून वाटाघाटीत आहे.

ओहमकार, फोम घरी बदलता येतो का? आणि एकच बदलू की दोन्ही?

ओहमकार:
दोन्ही. एक कडक एक मऊ झाला तर दोन खोके दोन तऱ्हेने वाजतील, आणि उजवा तसाही वर्षाच्या आत जाणारच. घरी होतं, घाई नको फक्त. फोम वूफरच्या मापाचाच मागवा, नुसतं "साडेसहा इंची" सांगून भागत नाही, कोनचा व्यास आणि बाहेरचा व्यास दोन्ही मोजा. जुना गोंद पूर्ण खरवडून काढा, यातच सगळा वेळ जातो. आधी कोनला चिकटवा, वाळू द्या, मग बाहेरची कड फ्रेमला. ते वाळत असताना ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू लावून ठेवा, कोन पुढंमागं होत राहतो आणि कॉइल मधोमध बसते, खरखर आली तर ओला असतानाच बोटाने कड सरकवा. खोके उघडलेच आहेत तर क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पण मोजून घ्या, १८ वर्षांत ते सरकलेले असू शकतात.

रिकामा_खोका:
करा करा फोम. पण टॉवर एकदा कानात बसलेत तुमच्या, सहा महिन्यांनी याच धाग्यावर भेटू :)

खर्जातला:
भेटू की. सध्या डावा वूफर बाहेर काढलाय, कुठली तार कुठं त्याचा फोटो काढून ठेवलाय, स्क्रू डबीत आहेत आणि जुना गोंद नखाने निघत नाहीये.

ओहमकार:
नख नको, स्पिरिटचा बोळा दहा मिनिटं ठेवा आणि मग लाकडी काडीने. कोन कागदाचा आहे ना? मग बोळा ओलसर, थबथबलेला नको.